साडेसहाशे टर्किश

‘इथं कुणी माणूस नाही का?’

हा प्रश्न मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा माझं नावसुद्धा कुणी विचारलं नसेल. काचेच्या दारासमोर माझं टेबल, टेबलावर ‘चौकशी’ अशी पाटी, पाटीमागे मी. गिऱ्हाईक आत यायचं, पाटी वाचायचं, मला बघायचं आणि माझ्या डोक्यावरून पाठीमागच्या भिंतीला विचारायचं, ‘कुणी माणूस नाही का?’ सुरुवातीला राग यायचा. पुढे मी सांगायला लागले, ‘माणूस चहाला गेलाय. तोवर माझ्याकडून माहिती घ्या. तो आला तरी मलाच विचारणार आहे.’

होटगी रोडला आमची एजन्सी. भवानी पेठेतून मी आधी सिटी बसनं आणि बसचा भरवसा संपल्यावर शेअर रिक्षानं जायची. आमच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत टायपिंग शिकले आणि त्या जोरावर इथं चिकटले. आधी नुसते ट्रॅक्टर होते, मग पॉवर टिलर आले आणि शेवटच्या दहा-बारा वर्षांत ती चार चाकांची मोटारसायकल आली.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटारसायकलसारखं हँडल, टांग टाकून बसायची सीट आणि खाली चार फुगीर टायर. पुढे-मागे लोखंडी कॅरिअर, त्यावर खताचं पोतं, फवारणीचा पंप, वैरणीची पेंढी काहीही बांधा. मागे छोटी ट्रॉली ओढायला हूक. गिअर पायानं बदलायचे नाहीत, अंगठ्यानं रेस द्यायची, ब्रेक हातात. चिखल, वाळू, बांध, दगडगोटे, कशातूनही जाते. फक्त डांबरी रस्त्यावर जात नाही. म्हणजे जाते, पण तिचं पासिंग होत नाही, म्हणून टेम्पोत घालून रानात न्यायची आणि रानातच ठेवायची. कंपनी तिला एटीव्ही म्हणते. आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात तिचं ‘बेडूक’ झालं.

बेडूक बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. किती सीसी? सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटात एका दमाला किती मावतं त्याचं माप. पातेल्याचं असतं तसंच. घरात चार माणसं असताना लग्नातलं पातेलं चढवलं म्हणून भाजीला चव येत नाही, गॅस मात्र जास्त जळतो. रानातल्या कामाला लागतो तो सगळ्यात खालचा गिअर आणि धरून चालणारे टायर. हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. ऐकलं एकानंच. अक्कलकोटच्या पलीकडचे एक म्हातारे गृहस्थ आले होते, मराठी तोडकंमोडकं बोलायचे. त्यांनी कानडीत विचारलं, ‘येष्टु सीसी?’ मी म्हणाले, ‘साकष्टु.’ म्हणजे पुरेसे. म्हातारबाबा खो खो हसले आणि त्याच दिवशी बेडूक टेम्पोत घालून घेऊन गेले. एका शब्दात झालेली माझी एवढी एकच विक्री.

दुसरा ठरलेला प्रश्न, ‘नवीन कधी येणार?’ दुकानात समोर उभी असलेली गाडी कुणालाच नको असते. मोलाची ती, जी अजून आलेली नाही. आलेल्या गाडीला मायलेज असतं, मेंटेनन्स असतो, न आलेल्या गाडीला काहीच खोट नसते. या न आलेल्या गाड्यांचे आमच्याकडचे सर्वांत मोठे जाणकार म्हणजे बिराजदार सर. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचे. अकरा वर्षं ते बेडूक घेणार होते. रान नव्हतं, पण ते म्हणायचे रानाचं नंतर बघता येईल. त्यांचा मोबाइलवर ‘रानगडी’ नावाचा ग्रुप होता आणि त्यात आमच्या कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा रात्रंदिवस अंदाज चालायचा. एका वर्षी कंपनीनं दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं, त्यावर सहा पणत्या होत्या. ग्रुपवर लगेच निष्कर्ष निघाला की सहाशे सीसी येतंय. पुढच्या वर्षी कार्डावर नुसता आकाशकंदील होता. त्यावर चार दिवस खल झाला आणि हे इलेक्ट्रिक मॉडेल असावं असं ठरलं.

सर शनिवारी कॉलेज सुटलं की यायचे, चहा घ्यायचे आणि सायलेन्सरच्या वाकाकडे निरखून बघायचे. मला मात्र कधी काही विचारायचे नाहीत. मॅनेजर देशमानेसाहेबांना विचारायचे आणि देशमानेसाहेब आतून येऊन मला विचारायचे.

आता एका चिठ्ठीचं सांगते.

माझे मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो चालू करायचं काम त्यांचं. टॉवेलमध्येही नंबर असतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, तो नंबर. आपला रोजचा पंचा दोन-तीनशेचा, बरा टॉवेल चारशेचा, आणि साडेसहाशेचा म्हणजे जाडजूड, पाणी ओढणारा, परदेशात जाणारा माल. माझ्या नोकरीतल्या शेवटच्या गणपतीत कारखान्यात साडेसहाशेच्या टर्किशचा लॉट निघाला होता. त्यातले बारीक खोट असलेले थोडे नग मालक कामगारांना द्यायचे, पण बोभाटा नको म्हणायचे, नाहीतर सगळी गल्ली दारात उभी राहील. मिस्टरांनी दुपारी फोन करून सांगितलं आणि मी समोरच्या पॅडवर लिहून घेतलं. पॅड कंपनीचं. वर कंपनीचा शिक्का. मी लिहिलं होतं ते अजून पाठ आहे:

‘६५० टर्किश. एक्स्पोर्ट. दोन्ही बाजू जाड. बॉर्डर साधी. निळा व मरून. चारच. दिवाळीआधी येणार. कुणाला बोलायचं नाही.’

चिठ्ठी टेबलावर राहिली आणि मी डबा धुवायला मागे गेले. शनिवार होता.

संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत चिठ्ठीचा फोटो रानगडी ग्रुपवरून निघून बार्शी, पंढरपूर, विजापूर करून कोल्हापूरपर्यंत गेला होता. रविवारभर त्याचा अर्थ लावणं चाललं. साडेसहाशे सीसी यावर दुमत नव्हतं. ‘टर्किश’वर दोन तट पडले. एक म्हणे इंजिन तुर्कस्तानातून येतंय, दुसरा म्हणे मॅडमना ‘टर्बो’ लिहिता आलं नाही. ‘दोन्ही बाजू जाड’ म्हणजे पुढे-मागे भक्कम बंपर. ‘चारच’ म्हणजे चारही चाकांना ताकद, किंवा मग महाराष्ट्राला चारच गाड्या. ‘बॉर्डर साधी’वर सगळे अडले होते, तेव्हा ग्रुपातले एक निवृत्त हवालदार पुढे आले आणि त्यांनी सांगितलं की ही गाडी आधी सीमेवर जाणार, तिथं चकचकाट चालत नाही, म्हणून साधी. आणि हे सगळं खरं असल्याचा पुरावा म्हणजे शेवटचं वाक्य. खोटं असतं तर कुणाला बोलायचं नाही असं कशाला लिहिलं असतं?

सोमवारी सकाळी पुण्याहून विभागीय साहेबांचा फोन. फोन मीच उचलला.

‘हे बाहेर कसं फुटलं?’ ते ओरडले.

‘साहेब, तो टॉवेल आहे,’ मी म्हणाले.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘कोडनेम टॉवेल?’

‘अहो साहेब, अंग पुसायचा टॉवेल.’

‘कळलं, कळलं. फोनवर नको. देशमानेंना द्या.’

त्यांना अशी काही गाडी निघतेय की नाही हे ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं वरच्यांना ठाऊक असणार, आपल्याला सांगितलं नाही. वरच्यांना वाटलं कारखान्याला ठाऊक असणार. कारखान्यानं काय वाटून घेतलं ते मला माहीत नाही, पण कुणीही ‘अशी गाडी नाही’ असं बोललं नाही, कारण उद्या निघालीच तर तोंडघशी कोण पडणार? देशमानेसाहेबांनाही मी केबिनमध्ये जाऊन नीट समजावून सांगितलं. टॉवेल आणून दाखवते म्हणाले. ते काचेतून बाहेर बघत होते. बाहेर सतरा माणसं उभी होती. एरवी आमच्याकडं आठवड्यात सतरा यायची नाहीत.

‘गायकवाडबाई,’ ते म्हणाले, ‘आपण खोटं बोलायचं नाही. पण खरंही आपण होऊन बोलायचं नाही.’

इथं मी साहेबांच्या माथी सगळं मारून मोकळी होऊ शकते. पण खरं वेगळं आहे. मी बाहेर येऊन टेबलाशी बसले आणि ती सतरा माणसं माझ्या भोवती आली. पाठीमागच्या भिंतीला कुणी काही विचारलं नाही. बिराजदार सरांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि म्हणाले, ‘मॅडम, खरी माहिती इथं तुमच्याकडेच आहे.’ कुणीतरी चहा आणून माझ्यापुढे ठेवला. मला ते आवडलं. फार आवडलं. सव्वीस वर्षं कोरड्या घशानं खरं सांगितलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि एका टॉवेलनं मला माणसात आणलं.

मी खोटं एकही वाक्य बोलले नाही. ‘मला काही बोलता येणार नाही’ एवढंच म्हणायची. ते ऐकून लोक एकमेकांकडं बघून माना डोलवायचे.

गणपततात्या सुर्वे मोडनिंबचे. त्यांना मी चिठ्ठीच्याही आधी, श्रावणात पाहिलं होतं. कुबडी टेकत, एकेक पायरी चढत आत आले. डावा पाय गुडघ्यात वळत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ट्रॉली उलटून चिरडला होता. त्यांनी ‘माणूस कुठाय’ असं विचारलं नाही. सीसी किती ते विचारलं नाही. पाटी वाचली, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘बाई, माझा पाय वळत न्हाय. ह्यावर बसता येईल का?’

मी टेबलामागून उठून त्यांना बेडकापाशी नेलं. आमच्याकडं सगळ्यात लहान इंजिनाची एकच शिल्लक होती, हिरवी. उजव्या बाजूनं चढायचं, फळीवर चांगला पाय रोवायचा आणि दुखरा पाय हातानं उचलून पलीकडं ठेवायचा, असं तिसऱ्या खेपेला जमलं. हँडल धरून ते बसून राहिले. मग त्यांनी सांगितलं.

ओढ्यापलीकडं त्यांचं दीड एकर होतं. तिथं एक बोरीचं झाड. रानबोरीवर त्यांनी स्वतः डोळा भरून केलेलं, म्हणजे चांगल्या जातीच्या फांदीचा कोंब सालीत बसवून. लग्न झालं त्या वर्षी. त्या झाडाची बोरं खाऊन माणसं कलमाला डोळे मागायला यायची आणि तात्यांनी त्यातनं अख्खी बाग उभी केली. आता मुलगा, सुनील, ती बाग काढून डाळिंब लावत होता. बाकीची झाडं जाऊ द्या, पण हे नको, असं तात्या म्हणत होते. सुनील म्हणत होता, ते वाळलंय.

‘वाळलं का न्हाय ते मी बघून सांगीन की,’ तात्या म्हणाले. ‘पण जाऊ कसा? वढ्यात ही दगडं हायती. ट्रॅक्टरवर चढता येत न्हाय. गाडीवर मागं बसलो तर वाळूत दोगंबी पडलो. पोरगं म्हणतं, पाठुंगळी घेतो. आपल्याच रानात पोराच्या पाठुंगळी जाऊ व्हय?’

‘नका जाऊ,’ मी म्हणाले. ‘ही घ्या. ही लहान आहे पण तुमच्या ओढ्याला पुरून उरेल.’

दसऱ्याच्या आधी ते घ्यायला आले. काकू बरोबर होत्या, पिशवीत हार आणि नारळ. बाहेर टेम्पो उभा. आणि आत बिराजदार सर, हवालदार आणि मंडळी.

‘काका, कोणती घेताय? ही?’ सर कळवळून म्हणाले. ‘अहो, दिवाळीला साडेसहाशे येतंय. महिन्याभरासाठी हे जुनं गळ्यात बांधून घेता?’

‘मला वढा वलांडायचा हाय फक्त.’

‘ओढाच ना? यात अडकलात तर असा पाय घेऊन उतरणार कसे?’

तात्यांनी हिरव्या गाडीकडं बघितलं. अडकलेल्या गाडीवर एकटं बसून राहायची भीती त्यांच्या डोळ्यांत मला दिसली. ते विचार करत म्हणाले, ‘खरं हाय. पाचच्या मोटरीपरास साडेसातची जास्त पाणी वढती. तसंच की ह्ये.’ मग माझ्याकडं वळले. ‘बाई, तुमी सांगा. हे म्हणत्यात ते खरं हाय का?’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. केबिनच्या काचेतून देशमानेसाहेब बघत होते. ‘टॉवेल’ हा साडेतीन अक्षरांचाही नसलेला शब्द माझ्या जिभेवर होता.

‘त्या बोलणार नाहीत,’ बिराजदार सर अदबीनं म्हणाले. ‘त्यांच्यावर बंधन आहे.’

आणि मी हसले. दुसरं काही केलं नाही, फक्त हसले. सगळं ठाऊक असलेल्या माणसासारखं.

‘बाई हसल्या,’ तात्या काकूंना म्हणाले. ‘म्हंजे हाय कायतरी. मग थांबतो की दिवाळीपतोर. झाडबी थांबंल तेवढं.’

टेम्पो रिकामा परत गेला. हार पिशवीतच होता.

दसऱ्याला ती हिरवी एका चेअरमनच्या पुतण्यानं घेतली. त्याला लग्नाच्या वरातीत हवी होती. त्यानं विचारलं, ‘नवरी मागं बसंल ना?’ मी म्हणाले, सीट एकाचीच आहे. तो म्हणाला, ‘मग ती चालत यील. तशी लई लांब वरात न्हाय.’ यानंतर कंपनीनं ते लहान मॉडेल आमच्या जिल्ह्याला पाठवणं बंद केलं, कारण आमच्याकडून चौकशी फक्त साडेसहाशेची जात होती.

दिवाळी आली आणि गेली. मिस्टर चार टॉवेल घेऊन आले, दोन निळे, दोन मरून. ठरल्याप्रमाणे, दिवाळीआधी. ग्रुपवर ठरलं की जहाजाला उशीर झालाय, आता गुढीपाडव्याला. तात्यांचा दर सोमवारी फोन यायचा. ‘बाई, आलं का?’ मी म्हणायची, ‘नाही तात्या.’ खरं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. साहेबांची मला भीती नव्हती, नोकरीचे दोन-तीन महिने उरले होते, त्यांनी काय केलं असतं? मला लाज वाटत होती. ज्या माणसानं मला पहिल्याच भेटीत माणूस धरलं, त्याला मी हसून फसवलं होतं. ते कबूल करायचं टाळत मी एकेक सोमवार ढकलला.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी ते म्हणाले, ‘बाई, आता घाई न्हाय. पोरानं झाड तोडलं.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘वाळलं होतं म्हणतोय. असंल बी. मी कुटं बघितलंय? सवडीनं येऊ द्या तुमचं मशीन.’

फेब्रुवारीअखेर मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात देशमानेसाहेब म्हणाले, गायकवाडबाईंनी कंपनीचं गुपित शेवटपर्यंत जपलं. टाळ्या वाजल्या. बिराजदार सर येऊन हळूच म्हणाले, ‘मॅडम, आता तर सांगा.’ मी म्हणाले, ‘सर, टॉवेल होता.’ त्यांनी डोळा मिचकावला.

दुसऱ्याच आठवड्यात मी चेअरमनच्या पुतण्याचं फार्महाऊस गाठलं. बार्शी रोडला आहे. हिरवा बेडूक ताडपत्रीखाली उभा होता. हँडलला वरातीची झेंडूची माळ सुकून लटकलेली आणि सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. वरातीनंतर चाकं हलली नव्हती.

‘मॅडम, साडेसहाशे कधी?’ पुतण्यानं विचारलं.

उभ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाशी उघडउघड खोटं बोलले ते या एकदाच. इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, ‘तुमच्याकडं जुनी आहे तोवर नवीनच्या यादीत नाव लागायचं नाही.’

‘आजच न्या,’ तो म्हणाला आणि मी देऊ केलेले पैसे न मोजता खिशात घातले. गाडी टेम्पोत चढवायला दहा मिनिटं लागली, कोंबडीला उठवायला वीस.

मोडनिंबला मिस्टरही बरोबर आले. अंगणात गाडी उतरवली. तात्या ओट्यावर बसले होते. मी पिशवीतून मरून टॉवेल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

‘हे काय?’

‘साडेसहाशे टर्किश,’ मी म्हणाले. आणि मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन, पॅड, चिठ्ठी, फोटो, आणि माझं हसणं. मिस्टर खाली मान घालून ऐकत होते, त्यांनाही हसण्याचं माहीत नव्हतं.

तात्यांनी टॉवेल उलटून बघितला. दोन्ही बाजू जाड होत्या. बॉर्डर साधी होती.

‘म्हंजे मी पाच महिनं टावेलाची वाट बघितली?’

‘व्हय तात्या.’

घरातून काकूंचा हसण्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. तात्या हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकला आणि कुबडी घेऊन गाडीपाशी आले. फळीवर चांगला पाय, हातानं दुसरा. पहिल्याच खेपेला बसले.

ते पुढे आणि आम्ही मागे चालत. सुनीलही होता, तिशीचा, अबोल मुलगा. ओढा कोरडा होता पण दगड मोठे होते. सगळ्यात खालचा गिअर टाकून ती लहानशी गाडी एकेका धोंड्यावरून अंग टाकत, सावकाश पलीकडच्या काठावर चढली. कुठं अडकली नाही, घरघरली नाही. त्याही स्थितीत मला तिचा अभिमान वाटला हे कबूल करते. बिराजदार सर तिथं हवे होते.

बांधाकडेला गुडघ्याएवढा बुंधा होता. तात्यांनी गाडी अगदी टेकवून उभी केली, वाकले, हात लावला. बुंध्याच्या कडेनं चार-पाच हिरवे फुटवे वर आले होते. वीतभर. पानं तुकतुकीत.

‘वाळलेलं झाड फुटत न्हाय,’ ते म्हणाले. कुणाकडं न बघता.

‘अर्ध्या फांद्या वाळल्या व्हत्या, तात्या,’ सुनील म्हणाला. ‘मला वाटलं...’

‘डोळ्याच्या वरनं फुटलंय बघ. खालनं न्हाय, तितनं रानबोर आली असती. तेच झाड हाय.’ तात्यांनी बोटानं सालीवरची जुनी गाठ दाखवली. हे फुटवे तीन-चार वर्षं जगले तर त्याच झाडाची बोरं त्यांना खायला मिळतील, एवढं त्यातनं मला कळलं. आणि पाच महिने आधी हा माणूस इथं पोहोचला असता, तर या झाडाला कुऱ्हाड लागलीच नसती, हेही कळलं. सुनीलची चूक होती ती न कळण्याची. माझी तशी नव्हती.

‘तात्या, माझं चुकलं,’ मी मोठ्यानं म्हणाले. रडू आवरत नव्हतं, आवरलंही नाही.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, दोन्ही हातांनी तोंडावर दाबला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. सुनील पुढं झाला, पण मिस्टरांनी त्याचा हात धरला.

मग त्यांनी टॉवेल खाली घेतला, चेहरा कोरडा होता. टॉवेल हातात तोलून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि तो माझ्या दिशेनं पुढं केला.

‘घ्या, बाई, तुमीबी पुसा,’ ते म्हणाले. ‘साडेसहाशे हाय खरं. लई पाणी वढतंय.’